जू-ऑनच्या दुसऱ्या व्हिडिओ भागात पहिलाच भाग परत का दिसतो?

रात्रपाळी:
शनिवारी रात्री 'जू-ऑन: द कर्स' हा जपानी भयपट पाहिला. कायाकोचं भूत जिन्यावरून सरपटत खाली येतं तिथे हातपाय गार पडले. काल उत्साहाने दुसरा भाग लावला, तर पुन्हा तेच! कोबायाशी मास्तर त्यांच्या विद्यार्थ्याच्या, तोशिओच्या घरी येतात, माळ्यावर प्रेत, तोच जिना. नवीन गोष्ट सुरू व्हायला जवळपास अर्धा तास गेला. ही काय भानगड आहे? आणि याच मालिकेतला २००२ चा सिनेमा बघण्याआधी हा पूर्ण करू की सोडून देऊ?

निशाचर:
सोडू नका, कळकळीने सांगतोय.

हे दोन्ही भाग थिएटरसाठी नव्हतेच. जपानात तोएई कंपनीने १९८९ पासून 'व्ही-सिनेमा' नावाने थेट व्हिडिओवर सिनेमे काढायला सुरुवात केली. तिथे नवख्या दिग्दर्शकांना भरपूर काम मिळालं. ताकाशी शिमिझूचे हे दोन्ही भाग त्याच वाटेने २००० साली आले. पैसे बेताचेच, त्यामुळे जुनं चित्रण परत वापरलं असणार. शिवाय दुकानातून दुसराच भाग भाड्याने नेणाऱ्यालाही गोष्ट कळायला हवी ना!

पण मला ती पुनरावृत्ती कधीच खटकली नाही. मास्तर त्या पसाऱ्यात बसून पोराशी मायेने बोलत असतात, तेव्हा वर काय आहे हे या वेळी आपल्याला ठाऊक असतं. पहिल्यांदा भीती जिन्यावर वाटते, दुसऱ्यांदा ती मास्तर दारातून आत येतात तिथूनच सुरू होते.

आणि क्योकोचा भाग नीट बघा हो. इस्टेट एजंट तात्सुयाची बहीण क्योको, तिला अशा जागा जाणवतात. घर घेणाऱ्याला तिथेच साके (तांदळाची दारू) प्यायला द्यायची आणि त्यावरून घर विकायचं की नाही ते ठरवायचं, असं ती भावाला सांगते. मंत्र नाही, तंत्र नाही, एक बाटली फक्त. पुढे त्याच घरात बायको नवऱ्याच्या डोक्यात फ्राय पॅन घालते. चित्रात फिल्मची लकाकी अजिबात नाही, म्हणून ते शेजारच्या घरात घडल्यासारखं वाटतं. मोठ्या पडद्यावरच्या भागांत ही जवळीक मला पुन्हा सापडली नाही.

कृष्णाकाठ:
निशाचर, तुमचं प्रेम समजतं, पण मला हे पटत नाही. सव्वा तासाच्या सिनेमात अर्धा तास जुना माल म्हणजे प्रेक्षकावर अन्याय आहे. रात्रपाळी, दोन्ही भाग लागोपाठ बघत असाल तर दुसरा नवी गोष्ट सुरू होते तिथून लावा, काही अडणार नाही. शेवटी शाळेत तात्सुयाच्या मुलाच्या, नोबुयुकीच्या मागे एक नाही, अनेक कायाको लागतात, तो प्रसंग मात्र चुकवू नका. मी दिवसा पाहिला होता, तरी उठून खिडकी लावून घेतली.

निशाचर:
ताई, शाळेच्या प्रसंगाबद्दल शंभर टक्के सहमत. लागोपाठ बघणाऱ्याला कंटाळा येऊ शकतो हेही मान्य. मधे आठवडा जाऊ द्यावा.

रात्रपाळी:
मग रविवारी परत पहिल्यापासून लावतो. पुढे काय बघू?

निशाचर:
खरं तर आधी मागे जा. १९९८ च्या एका टीव्ही सिनेमात शिमिझूच्या दोन अगदी छोट्या गोष्टी आहेत, एक 'कातासुमी', आणि दुसरीचं नाव म्हणजे नुसता दहा वेळा ४ हा आकडा. तोशिओ आणि कायाको तिथेच पहिल्यांदा दिसतात. मग २००२ चा आणि २००३ चा थिएटरमधला. २००४ चा अमेरिकन शेवटी ठेवा. त्याचा निर्माता सॅम रायमी, पण दिग्दर्शन शिमिझूचंच, घर टोकियोतच आणि कायाको झालेली ताकाको फुजीही तीच.