शब्दचर्चा: ‘सिकल पॉझिटिव्ह’ला मराठीत काय म्हणावं?

समुपदेशक, कुरखेडा
गावातल्या शिबिरात बोटातून रक्त घेऊन सोल्युबिलिटी, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची पहिली चाचणी, होते आणि चिठ्ठीवर ‘पॉझिटिव्ह’ लिहून मिळतं. त्याला ‘सकारात्मक’ असा पर्याय सुचवलाय. मला तो पटत नाही. सकारात्मक म्हटलं की ऐकणाऱ्याला काहीतरी चांगलं झाल्यासारखं वाटतं. दुसरा शब्द आहे का?

लॅब टेक्निशियन, देवरी
ताई, नळीत जे दिसतं तेच लिहा: ‘गढूळ’ किंवा ‘नितळ’. २ मिली द्रावणात २० मायक्रोलिटर रक्त टाकायचं, हलवायचं, ५ मिनिटं थांबायचं. मग नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा, नळीपासून साधारण अडीच सेंटिमीटरवर. रेघा दिसल्या तर नितळ, दिसल्या नाहीत तर गढूळ. द्रावणातल्या डायथायोनाइटमुळे ऑक्सिजन निघून जातो, मग हिमोग्लोबिन एस, म्हणजे सिकलचं हिमोग्लोबिन, विरघळत नाही आणि द्रावण गढूळ होतं. चाचणी एवढंच सांगते. ‘पॉझिटिव्ह’ लिहिलं की आजारच ठरल्यासारखा होतो.

वैद्यकीय अधिकारी, धानोरा तालुका
‘गढूळ’ चांगला शब्द आहे, पण त्याखाली एक ओळ हवीच: ‘एएस की एसएस, हे पुढच्या तपासणीत कळेल.’ एएस म्हणजे एक गुण सिकलचा आणि एक साधा ‘ए’, तो वाहक; एसएस म्हणजे दोन्ही गुण सिकलचे, तो पेशंट. सोल्युबिलिटीला दोन्ही सारखेच. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासण्या) झाल्याशिवाय कोणालाही ‘सिकलचा पेशंट’ म्हणू नये.

‘नितळ’लाही जपा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात हिमोग्लोबिन एफ (जन्मावेळचं हिमोग्लोबिन) जास्त आणि एस कमी असतं, तिथे एसएस असूनही नळी नितळ राहू शकते. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर २० मायक्रोलिटर रक्तात पुरेसं एस येतच नाही. नुकतंच रक्त चढवलेलं असलं तरी तेच. या तिघांच्या चिठ्ठीवर ‘नितळ’ न लिहिता ‘निर्णय नाही, एचपीएलसी करा’ असं लिहावं.

लॅब टेक्निशियन, देवरी
बरोबर, डॉक्टरसाहेब. हिमोग्लोबिन कमी असेल तर आम्ही रक्त दुप्पट, म्हणजे ४० मायक्रोलिटर घेतो. उलटंही होतं: रक्तात चरबी किंवा प्रथिनं जास्त असली तर सिकल नसताना नळी गढूळ दिसते. तेव्हा पेशी सलाईनने धुवून चाचणी पुन्हा लावायची. द्रावण फ्रीजमधून काढून लगेच वापरू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. आणि प्रत्येक खेपेला एक माहीत असलेली एएस आणि एक एए (सिकल नसलेली) नळी सोबत लावा. लाईट जाऊन फ्रीज बंद राहिला की द्रावण कमजोर पडतं. मग एएस नळीही नितळ दिसते. तसं झालं तर त्या दिवशीची एकही चिठ्ठी देऊ नये.

समुपदेशक, कुरखेडा
आता ‘वाहक’. सरकारी कागदावर ‘सिकलसेल वाहक’ असतं. एसटीत वाहक म्हणजे कंडक्टर, आणि डास हिवतापाचा वाहक. त्यामुळे ‘वाहक’ ऐकलं की लोक विचारतात, ‘मग मुलीला एका ताटात जेवू द्यायचं की नाही?’

मराठीच्या शिक्षिका, गोंदिया
शब्दाचा दोष नाही, पण गाठ डासाशी बसली आहे खरी. ‘वाहक’ कागदावरून काढता येणार नाही, तेव्हा समजावताना त्याच्यापुढे ‘जन्मापासूनचा’ जोडा. ‘एक गुण आईचा, एक बापाचा, दोन्हींतला एक सिकलचा’ हे वाक्य गावात समजतं. ‘एएस पॅटर्न’ हेही लोकांच्या तोंडी बसलेलं आहे, ते बदलू नका.

वैद्यकीय अधिकारी, धानोरा तालुका
‘वाहक’ शब्द कागदावर नेमका कधी लिहायचा, त्याचं उत्तर एचपीएलसीच्या आकड्यात आहे. एएसमध्ये ए नेहमी एसपेक्षा जास्त असतं, एस बहुधा ३५ ते ४० टक्के. कागदावर ए आणि एस दोन्ही दिसले म्हणून लगेच ‘वाहक’ लिहू नये. एस जास्त आणि ए कमी असेल तर ते सिकल-बीटा थॅलेसेमिया (एक गुण सिकलचा, दुसरा थॅलेसेमियाचा) असू शकतं, आणि तो पेशंट असतो, वाहक नव्हे. आईबापाचं रक्तही तपासा. दुसरी फसगत म्हणजे एसएसच्या मुलाला रक्त चढवलेलं असलं तर दात्याचं ए दिसतं आणि कागद एएससारखा वाटतो. शेवटची बॉटल कधी चढवली, हे विचारल्याशिवाय शिक्का मारू नका. चढवली असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.

अजून एक: एसएसच्या पेशंटला ‘तीन महिन्यांची शुगर’ सांगू नका. लाल पेशी १२० दिवसांऐवजी १० ते २० दिवसच टिकतात, म्हणून एचबीए१सी फसवतो. त्याच्यासाठी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरचीच साखर बघा.

समुपदेशक, कुरखेडा
‘रक्त कमी आहे’ हेही चुकीच्या जागी जातं ना?

वैद्यकीय अधिकारी, धानोरा तालुका
हो ताई. एसएसच्या पेशंटचं हिमोग्लोबिन ८ असतं आणि तो चालतो-फिरतो. तो त्याचा ‘नेहमीचा आकडा’. हा शब्द कार्डावर यायला हवा. ‘नॉर्मल’शी तुलना करून बॉटल चढवायला पाठवू नये. नेहमीच्या आकड्यापेक्षा २ ने खाली आलं, की मात्र त्याच दिवशी पाठवायचं. लोहाच्या गोळ्याही फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघितल्याशिवाय देऊ नयेत.

मराठीच्या शिक्षिका, गोंदिया
‘चारातलं एक’ कसं सांगता? आईबाप दोघे एएस असतील तर ‘चारात एक मूल एसएस’ म्हटल्यावर लोकांना वाटतं, एक झालं, आता तीन सुटले.

समुपदेशक, कुरखेडा
म्हणून ‘दर खेपेला’ म्हणते मी. बाळंतपणाची ‘खेप’ हा शब्द प्रत्येक बाईला माहीत आहे. ‘दर खेपेला चारात एक, मागच्या खेपेचा हिशेब लागत नाही.’ आमच्या चिठ्ठीवर आता असं छापणार:
‘सोल्युबिलिटी: गढूळ / नितळ / निर्णय नाही.
पॅटर्न एचपीएलसीनंतर. शेवटचं रक्त चढवल्याची तारीख: ____. नेहमीचं हिमोग्लोबिन: ____.’

लॅब टेक्निशियन, देवरी
ताई, त्यात बाळाच्या वयाचाही रकाना टाका, महिन्यांत.