काका, त्या वाईनमधला ढोबळी मिरचीचा वास

ताई (सांतियागो): काल रात्री शेवटी उघडली ती बाटली. काका तुम्ही मार्चपासून विचारताय ना उघडली का, कशी लागली, म्हणून आज सगळं नीट लिहिते, लांब होईल पण वाचा. आल्माविवा नावाची इथली चिलीची वाईन, 2015 सालची, ह्यांना प्रोजेक्ट संपल्यावर मोठ्या साहेबांनी दिली होती तीच. आदल्या दिवशीच बाटली उभी करून ठेवली म्हणजे गाळ खाली बसतो, मग संध्याकाळी सातला काचेच्या जगमध्ये हळूहळू ओतली आणि तळाला बोटभर गाळवाली तशीच ठेवून दिली. इकडे आता मे म्हणजे थंडी सुरू, त्या खोलीतला हीटर मुद्दाम बंद ठेवला होता, साधारण 17-18 डिग्री असेल.

आत्या: अगं आजी आहे ग्रुपवर

आजी: असू दे. मला वाचायचंय. द्राक्षाचंच आहे ना.

दादा (पुणे): चिलीची वाईन म्हणजे इकडे परवडणारी म्हणून घेतात लोक. साहेबांनी भेट द्यावी एवढं काय आहे त्यात?

ताई (सांतियागो): दादा असं तुलाच नाही, युरोपातल्या लोकांनाही वाटायचं. 2004 च्या जानेवारीत बर्लिनला 36 जाणकारांना बसवून 16 वाईन लेबल झाकून पाजल्या होत्या, फ्रान्स इटलीच्या सगळ्यात नावाजलेल्या आणि त्यात थोड्या चिलीच्या. पहिली आली विन्येदो चॅडविक 2000, दुसरी सेन्या 2001, दोन्ही चिलीच्या, आणि फ्रान्सची लाफित 2000 तिसरी. ते चॅडविकचं रान पुएन्ते आल्तोला आहे, म्हणजे सांतियागो शहराच्या दक्षिणेच्या कडेला, माइपो नदीच्या गोट्यागोट्यांच्या जमिनीत. पूर्वी तिथे त्यांच्या वडिलांचं पोलोचं मैदान होतं, 1992 ला ते मोडून द्राक्ष लावली. आल्माविवा पण पुएन्ते आल्तोचीच. फ्रान्सचं बारोन फिलिप द रोथशिल्ड घराणं आणि इथली कोन्चा इ तोरो कंपनी यांनी 1997 ला भागीदारी केली त्यातली, पहिलं साल मात्र 1996 चं.

वहिनी: लेबलवर ते गोल गोल काय आहे ग? फोटोत नीट दिसत नाहीये

ताई (सांतियागो): वहिनी ते कुलत्रुनवरचं चित्र आहे, मापुचे म्हणून इथले मूळ लोक आहेत त्यांचं पूजेतलं ढोलकं, त्याच्या चामड्यावर पृथ्वी आणि आकाशाची खूण काढतात. आणि नाव आहे जुन्या फ्रेंच नाटकातल्या एका काउंटचं, ते अक्षर पण त्या नाटककाराच्या हस्ताक्षरातलं. म्हणजे एकाच कागदावर फ्रान्स आणि मापुचे दोन्ही. मला फार आवडलं ते, बाटली धुऊन ठेवलीये, तुझ्यासाठी आणते.

नाशिकचे काका: हे झालं. चव सांग. आणि कोणकोणती द्राक्षं आहेत त्यात ते सांग.

ताई (सांतियागो): सांगते काका. 2015 मध्ये 69 टक्के काबर्ने सोविन्यों, 24 टक्के कार्मेनेर, 5 टक्के काबर्ने फ्रां आणि 2 टक्के पती व्हर्दो. आता खरं सांगते, हीच वाईन मी दोन वर्षांपूर्वी एका हॉटेलात प्यायले होते, तिथे त्यांनी बाटली स्वयंपाकघराच्या गरमीत ठेवलेली, कोमट वाईन, उघडली की लगेच ओतली, नाकात नुसता अल्कोहोलचा झणका आणि बाकी काही नाही, मी घरी येऊन ह्यांना म्हटलं की पैसे वाया गेले. त्यामुळे काल मी ठरवलंच होतं घाई करायची नाही.

सातला पहिला घोट घेतला तर वाईन मिटलेली. तुरट इतकी की जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते ना तशी, आणि वासाला सगळ्यात आधी काय आलं सांगू, ढोबळी मिरची. नुसती नाही, मिरची चिरून आतला बियांचा गड्डा अंगठ्याने काढतो ना आपण, तेव्हा जो वास हाताला लागतो तो. आईने ग्लास नाकाला लावला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, भाजी केलीये का आज?

आत्या: माझ्या वहिनींचं, म्हणजे तुझ्या आईचं, नाक पहिल्यापासून तसंच आहे. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी डाळ लागली ते सांगायच्या.

नाशिकचे काका: मग ती कच्ची काढलीये. सरळ आहे. हिरवा वास आला म्हणजे माल पिकायच्या आधी तोडलाय. माझ्या दोन एकर काबर्नेच्या बाबतीत हेच झालं होतं, पाऊस येणार म्हणून कंपनीच्या माणसाने लवकर तोडायला लावली, साखर भरलेली होती ब्रिक्स मशीनवर, तरी वाईनला वास हिरवाच आला आणि मग म्हणाले तुमच्या मालाची क्वालिटी नाही. माझी काय चूक त्यात.

ताई (सांतियागो): काका तुमची काहीच चूक नाही, आणि तुम्ही जे म्हणताय ते अर्धं या वाईनलाही लागू आहे म्हणून मला ते तुम्हालाच सांगायचं होतं. साखर भरणं आणि तो हिरवा वास जाणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो वास पायराझीन नावाच्या द्रव्याचा, ढोबळी मिरचीत जे असतं तेच. घडावर ऊन पडलं, मणी सावकाश पिकला की ते कमी होतं, पण साखर कधीकधी त्याच्या आधीच येऊन बसते. म्हणून इथले लोक मशीनवर आकडा बघून थांबत नाहीत, मणी तोंडात टाकून बी चावून बघतात, बी तपकिरी होऊन दाण्यासारखी कडकड वाजली पाहिजे, हिरवी चिवट असेल तर अजून थांबायचं.

नाशिकचे काका: बरोबर. खायच्या थॉमसन द्राक्षवाल्याला हे कळणार नाही, त्या द्राक्षाला बीच नाही. काबर्नेची बी मी बघितलीये, त्या वर्षी हिरवी होती. आता कळलं.

ताई (सांतियागो): आता कार्मेनेरचं ऐका. ते मूळचं फ्रान्समधल्या बोर्दोचं, पण तिथल्याच मेर्लो नावाच्या द्राक्षापेक्षा तीन-चार आठवडे उशिरा पिकतं आणि बोर्दोच्या पावसाळी हवेत त्याला ते दिवस मिळायचे नाहीत. मग 1860 नंतर तिकडे फिलॉक्सेरा आला, मुळं खाणारी कीड, सगळ्या बागा गेल्या. परत लावताना लोकांनी अमेरिकन खुंटावर, म्हणजे ती कीड सोसणाऱ्या अमेरिकन वेलाच्या मुळांवर, कलमं केली, पण हे कार्मेनेर कोणी लावलं नाही कारण उशिरा पिकतं आणि फळ पण कमी धरतं. संपलंच ते जवळजवळ. पण त्याच्या आधी, 1851 च्या सुमारास चिलीच्या लोकांनी बोर्दोहून काड्या आणल्या होत्या, त्या मेर्लोच्या काड्यांत ह्याच्या काड्या मिसळून आलेल्या. आणि इथे ते मेर्लो म्हणूनच सव्वाशे-दीडशे वर्षं वाढलं. लोक म्हणायचे चिलीचं मेर्लो जरा वेगळं आहे. बिचारं मेर्लोबरोबरच तोडलं जायचं, म्हणजे कच्चंच, त्यामुळे वाईनला हिरवा वास, आणि नाव खराब व्हायचं मेर्लोचं.

वहिनी: बापरे. मग कळलं कसं?

ताई (सांतियागो): 24 नोव्हेंबर 1994. जाँ-मिशेल बुर्सिको नावाचे फ्रान्सचे द्राक्षतज्ज्ञ परिषदेला आले होते, कार्मेन नावाच्या कंपनीच्या बागेत फिरताना मेर्लोच्या ओळीत थांबले. इकडे नोव्हेंबर म्हणजे फुलोरा. त्यांनी फूल बघितलं, पुंकेसर सरळ नाहीत, वळलेले आहेत, आणि म्हणाले हे मेर्लो नाही, कार्मेनेर आहे. बस एवढ्यावर. जे फ्रान्समध्ये मेलं म्हणून धरलं होतं ते इथे हजारो एकरांत उभं.

आजी: दुसऱ्याच्या नावाने नांदलं बिचारं

नाशिकचे काका: फुलावरून ओळखलं. फुलोऱ्यात आम्ही रोज बागेत असतो, घड औषधात बुडवायचं डिपिंग, डावणी रोगाची भीती, ढग आले की झोप नाही. पण पुंकेसर सरळ की वाकडे हे चाळीस वर्षांत कधी बघितलं नाही. आणि एक विचारायचं राहिलं, इकडे खुंट कुठला वापरतात?

ताई (सांतियागो): हाच प्रश्न येणार मला माहीत होतं. काका, इथे बऱ्याच बागा खुंटावर नाहीतच. स्वतःच्या मुळावर. फिलॉक्सेरा चिलीत पोचलाच नाही, वर आताकामाचं वाळवंट, एका अंगाला आंदेस, दुसऱ्या अंगाला समुद्र, खाली बर्फ. आणि अजूनही इतकं जपतात की विमानतळावर एक सफरचंद बॅगेत असलं तरी फॉर्मवर लिहावं लागतं, नाहीतर दंड.

नाशिकचे काका: म्हणजे काडी लावली की झाली. आमच्याकडे तर क्षारपड जमीन, पाणी कमी, म्हणून डॉगरिज खुंटाशिवाय चालत नाही. आधी खुंट लावा, वाढवा, मग त्यावर डोळा भरा, वर्ष जातं. आणि आमचा वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी, दोनदा कात्री. तिकडे थंडीत पानं गळून वेल आपोआप झोपतो ना?

ताई (सांतियागो): हो, एकदाच छाटणी, थंडीत. आणि पानं गळायच्या आधी काय दिसतं सांगू, गेल्या रविवारी आम्ही पेऊमोच्या बाजूला गेलो होतो, काचापोआल नदीच्या खोऱ्यात, तिथे कार्मेनेर फार चांगलं पिकतं. शेजारच्या ओळी पिवळ्या आणि कार्मेनेरच्या लालभडक, कुंकवाच्या रंगाच्या. त्याचं नावच त्या किरमिजी रंगावरून पडलंय. आई गाडीतून उतरून दहा मिनिटं नुसती बघत उभी होती.

दादा (पुणे): ताई, काल रात्रीचं अर्धंच सांगितलंस. मिरचीच्या पुढे काय झालं?

ताई (सांतियागो): हो हो. आठ वाजता परत चाखली, मिरची मागे सरकली होती आणि पिकलेल्या जांभळाचा वास पुढे आला, थोडा काळ्या मनुकांचा. नऊला मात्र मी गप्पच झाले. शाळेत शिसपेन्सिल तासल्यावर नाकाशी धरायचो ना, ते लाकूड आणि शिसं, तो वास. त्याच्या मागे पानातला कात, तंबाखूची कोरडी पानं. तुरटपणा होताच पण आता तो टोचत नव्हता, घोट गेल्यावर जिभेवर मखमल फिरवल्यासारखा राहत होता, किती वेळ राहतो म्हणून मी मनात आकडे मोजले, तीस झाले तरी होता. आणि गंमत म्हणजे हिरवा वास गेला नव्हता, फक्त आता तो मिरचीचा नव्हता, ओल्या पालवीसारखा, सगळ्याच्या खाली. मला वाटतं तो नसता तर ही वाईन नुसती गोडसर जड लागली असती. काबर्नेचा कणा ताठ आहे आणि कार्मेनेर त्याला सावली देतं. म्हणून मी म्हणतेय काका, हिरवा वास सरसकट कच्चेपणा नाही. किती आहे आणि कशाच्या सोबत आहे ते बघायचं.

नाशिकचे काका: मान्य. पण चाखल्याशिवाय पूर्ण मान्य नाही.

वहिनी: जेवायला काय केलं होतंस?

ताई (सांतियागो): कोकराचं मटण, नुसतं मीठ लावून निखाऱ्यावर भाजलेलं, इथली पद्धत. वहिनी एक चूक मी केली, आईने मालवणी सुकं पण केलं होतं ते त्याच्यासोबत खाल्लं, तर तिखटाने वाईनचा तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही एकदम अंगावर आले, घसा जळला. सुकं उत्तम होतं पण ते आज दुपारी भाकरीशी खाल्लं तेव्हा.

दादा (पुणे): पैशाचं बोल. एवढी किंमत आहे का तिची?

ताई (सांतियागो): दादा, दर महिन्याला घेण्यासारखी नाही, कोणालाच नाही. भारतात तर परदेशी वाईनवर कित्येक वर्षं 150 टक्के सीमाशुल्क होतं, म्हणजे तुला तिकडे अजूनच महाग. पण सहा जणांनी चार तास एका बाटलीभोवती बसून ती बदलताना बघितली, त्याला किंमत आहे असं मला मनापासून वाटतं. आणि तुला फक्त कार्मेनेर कळून घ्यायचं असेल तर नुसत्या कार्मेनेरची साधी बाटली घे, पुष्कळ स्वस्त मिळते, तासभर आधी उघड, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेव कारण पुण्यात आत्ता मे आहे.

नाशिकचे काका: काडी आणता येईल का एखादी? कार्मेनेरची.

ताई (सांतियागो): नाही काका. परवाना आणि क्वारंटाइन शिवाय अजिबात नाही. ज्या किडीने बोर्दो बसलं ती अशाच आणलेल्या रोपांबरोबर गेली होती.

नाशिकचे काका: बरोबर आहे. चूक बोललो.

आत्या: मग तुम्हीच जा ना नोव्हेंबरात, फुलं बघायला

नाशिकचे काका: नोव्हेंबरात कसा जाणार. ऑक्टोबरची छाटणी झाली की माझा पण फुलोरा त्याच दिवसांत येतो. बाग सोडून हलता येत नाही.

ताई (सांतियागो): अरे हो, दोन्हीकडे एकदमच फुलणार!

नाशिकचे काका: तर असं कर. 24 तारखेला तू त्या बागेत जा आणि फुलाचा जवळून फोटो काढून इथे टाक, पुंकेसर दिसले पाहिजेत. मी सकाळी दव उतरलं की माझ्या काबर्नेचा टाकतो. भिंग आहे घरात, आजीचं.

आजी: माझ्या पेपरच्या खाली आहे. घेऊन जा.