इंडक्शन घेऊ की गॅसच बरा?

जळगावची_ताई
आमच्याकडे चार माणसं, महिन्याला एक सिलेंडर लागतं. मुलगी शाळेतून ऐकून आली नि मागेच लागलीय, आई गॅस बंद कर, इंडक्शन घे, त्याचा धूर होत नाही. मलाही मनापासून काहीतरी करावंसं वाटतं, उन्हाळ्यात ४५ च्या वर पारा जातो, पोरांना बाहेर सोडवत नाही. पण आपल्या घरात धूर दिसला नाही म्हणजे तो कुठंच झाला नाही असं असतं का? कोणी नीट सांगेल का.

भुसावळकर
होतो ना ताई, आमच्याकडे होतो. दीपनगरच्या वीज केंद्राची धुराडी आमच्या गच्चीवरून दिसतात, तिथं कोळसाच जळतो. साधा हिशोब सांगतो. सिलेंडरमध्ये १४.२ किलो गॅस, एक किलो जाळला की साधारण ३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे पूर्ण सिलेंडरचा ४२ किलोच्या आसपास. तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर केला तर अंदाजे १०० युनिट जातील, आणि आपल्याकडे देशभराची सरासरी धरली तर एका युनिटमागे ७०० ग्रॅम, म्हणजे ७० किलो झाले. इंडक्शनमध्ये उष्णता वाया कमी जाते हे खरं, तरी वीज कोळशाची असेल तर आज गॅसच हलका पडतो. अर्थात निम्म्याहून जास्त गॅस बाहेरच्या देशातून जहाजानं येतो, त्या जहाजाचा धूर यात धरलेला नाही.

साक्रीचा_भो
भाऊचा हिशोब बरोबर आहे पण अर्धाच. आमच्या साक्री तालुक्यात १२५ मेगावॅटचा सोलर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलला पवनचक्क्या फिरतात, वीज हळूहळू बदलतेय. ताई तुमचं स्वतःचं घर असेल तर आधी गच्चीवर सोलर बसवा आणि मग इंडक्शन घ्या. ३ किलोवॅटला केंद्राची ७८ हजार सबसिडी आहे, आपल्या उन्हात दिवसाला १२ युनिट सहज निघतात नि स्वयंपाकाला ३-४ च लागतात. सकाळ-संध्याकाळचं काय म्हणाल तर नेट मीटर असतं, दुपारची जास्तीची वीज लाइनवर जाते, ती बिलात वळती होते.

यावलची_काकू
तुम्ही सगळे शेगडीवरच अडकलात, ताटात काय आहे तेही बघा ना. भाताच्या शेतात पाणी तुंबून राहतं, त्या चिखलातून मिथेन निघतो, तोही हवा तापवणारा वायूच, आणि आपली कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारी नि उडीद, दोन्ही पावसावर येतात, उडीद तर मुळाच्या गाठींमधून स्वतःचं नत्र स्वतः धरतो, युरिया कमी लागतो आणि युरिया नैसर्गिक वायूपासूनच बनतो. माझ्या सासूबाई आठवड्यातून चार दिवस कळण्याचीच करायच्या, सोबत ठेचा. आता पोरांना दोन्ही वेळा भात लागतो, मला फार वाईट वाटतं.
आणि उरलेलं कचऱ्यात टाकू नका, ढिगाखाली हवा न लागता सडलं की त्याचाही मिथेनच होतो. आमच्याकडे चार-पाच जनावरं आहेत, शेणाचा गोबरगॅस आहे, खरकटंही त्यातच जातं, सिलेंडर फक्त पाव्हणे आले की काढतो, थंडीत गॅस कमी होतो तेवढं सोडलं तर. भरताची वांगी मात्र कपाशीच्या काड्यांवरच भाजते, पण अंगणात, घरात धूर कोंडू देत नाही.

जळगावची_ताई
भुसावळकर भाऊ, काकू, साक्रीवाले दादा, खूप आभार. घर स्वतःचंच आहे पण गच्चीवर शेजारच्या बिल्डिंगची सावली दुपारी तीननंतर येते, त्यानं किती फरक पडेल? आणि काकू, कळण्याला ज्वारी-उडदाचं माप काय घेता, आज गिरणीवर जायचंय.

यावलची_काकू
चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद, सालासकट, थोडं खडेमीठ टाकून दळ.