सहलीचा शेवटचा दिवस कोचीत: मट्टनचेरी पाहायची की पाण्याकाठी बसायचं?

वाटसरू:
मुन्नार, ठेकडी, अलेप्पी करून आठव्या दिवशी आम्ही कोचीत पोचलो. विमान रात्रीचं, दिवस अख्खा मोकळा. घरात दोन तट पडले: काहींना मट्टनचेरी, म्हणजे कोचीतली जुनी वस्ती, पाहायची होती. माझं म्हणणं एवढंच होतं की शेवटच्या दिवशी आता यादी नको. एर्नाकुलमच्या धक्क्यावरून बोट धरली, फोर्ट कोचीला उतरलो आणि चिनी जाळ्यांपाशी जाऊन बसलो.

दोन तास आम्ही ती जाळी बघत होतो. एक जण आडव्या वाशावरून चालत पुढे जातो, त्याच्या भारानं जाळं पाण्यात उतरतं. थोड्या वेळानं चार-पाच जण मिळून दोर ओढतात. मागे दोरांना टांगलेले मोठाले दगड जाळ्याचा भार तोलतात. वर काय येतं? बरेचदा मूठभर मासे. आठ दिवसांत माझी मुलं इतकी शांत कुठेच बसली नव्हती. शेवटचा दिवस असाच घालवावा, असं माझं ठाम मत झालंय. तुम्हाला काय वाटतं?

गिरगावकर:
अजिबात पटलं नाही. समुद्र आपल्याला चौपाटीवर रोज दिसतो. मट्टनचेरीतलं १५६८ सालचं ‘परदेशी सिनेगॉग’, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ, मुंबईत कुठून आणणार? त्याच्या जमिनीवर चीनहून आणलेल्या, हातानं रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या आहेत. शेजारी मट्टनचेरीचा राजवाडा. पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिला, पुढे डचांनी डागडुजी केली म्हणून नाव पडलं डच पॅलेस. आतल्या भिंतींवरचं रामायण मी आईला दाखवलं. गुडघे दुखत असूनही ती एकेका चित्रापुढून हलत नव्हती. चौघांचा खर्च करून केरळला आपण आयुष्यात किती वेळा जाणार? हे दारात असताना न बघता परतणं मला तरी जमलं नसतं.

नाशिककर:
मी वाटसरूंच्या बाजूनं. आमच्या सहल कंपनीनं शेवटच्या दिवशी पाच ठिकाणं कोंबली होती. त्यात तासभर मसाल्याच्या दुकानात गेला. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये, जिथे वास्को द गामाला १५२४ साली पुरलं होतं, मिळाली जेमतेम दहा मिनिटं. पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या, हे मला घरी आल्यावर वाचून कळलं. याला पाहणं म्हणायचं का? वडील विमानतळावर पोचले तेव्हा थकून बोलतही नव्हते.

अलिबागची लेक:
नाशिककर, हा दोष घाईचा आहे, मट्टनचेरीचा नाही.

माझं माहेर अलिबाग. तिथल्या इस्रायल आळीत बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या यहुदी लोकांचं सिनेगॉग आहे. मराठी बोलणारे, आपल्यातलेच लोक. शनिवारी काम बंद ठेवणारे, तेलाचे घाणे चालवणारे, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणायचे त्यांना. त्यांना धर्माचं शिक्षण द्यायला पूर्वी कोचीचे यहुदी कोकणात येत. मट्टनचेरीत अनवाणी आत गेले तेव्हा मला आळीतली ती माणसं आठवली आणि डोळे भरून आले. शिवाय बाहेर पडून चेरलाईच्या बाजूला गेलात तर कोकणी कानावर पडते. गोव्यातून गेलेली सारस्वत कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या तिथे आहेत, त्यांचं मोठं तिरुमला देवस्थान आहे. आठ दिवस भाषा न समजता फिरल्यावर शेवटच्या दिवशी ओळखीचे शब्द ऐकू येणं, हे मी काठावर बसून सोडलं नसतं.

गिरगावकर:
ताई, हे मलाही ठाऊक नव्हतं. चेरलाईला गेलोच नाही आम्ही.

वाटसरू:
अलिबागच्या ताईंचं वाचून चुटपुट लागली, हे कबूल करतो. पण त्या मट्टनचेरीत रमल्या कारण त्यांच्याकडे वेळ होता आणि जायला स्वतःचं कारण होतं. पाच ठिकाणांच्या यादीत ते सापडलं नसतं. एकच जागा निवडून तिथे अर्धा दिवस काढणार असाल तर माझा विरोध नाही. दोन्ही एका दिवसात कोंबायला मात्र आहे.

आणि जे जाणार आहेत त्यांनी वार बघून ठरवा. राजवाडा शुक्रवारी बंद, सिनेगॉग शनिवारी. विमानतळ नेडुंबासेरीला आहे, फोर्ट कोचीपासून बराच लांब. आम्ही संध्याकाळच्या गर्दीत सापडलो होतो, तेव्हा दोन तास तरी हाताशी ठेवा.

अलिबागची लेक:
मी रविवारी गेले होते. सकाळी लवकर पोचा, ऊन चढायच्या आत.