बर्गर्स समीकरणातील शॉक वेव्ह ढकलल्यावर मूळ जागी परत का येत नाही?

प्रश्न:
श्यानता (प्रवाहातील अंतर्गत घर्षण) असलेले बर्गर्स समीकरण (प्रवाहाच्या वेगाचे एक साधे नमुना-समीकरण) संगणकावर सोडवताना मी डावीकडे +१ आणि उजवीकडे −१ ही मूल्ये घेऊन जागीच उभी राहणारी शॉक वेव्ह (मूल्याची अरुंद, तीव्र उतरण) घेतली आणि तिच्या डाव्या बाजूस ०.४ क्षेत्रफळाचा लहानसा उंचवटा ठेवला. उंचवटा शॉकमध्ये विरून गेला, शॉकचा आकारही पूर्ववत झाला, परंतु ती ०.२ एवढी उजवीकडे सरकून तिथेच थांबली. पाठ्यपुस्तके तर हिला दीर्घकाळ स्थिर म्हणतात. हे सरकणे प्रोग्रॅममधील दोष समजावा का?

पहिले उत्तर:
नाही, शॉक परत आली असती, तर मात्र मी प्रोग्रॅमवर शंका घेतली असती. समीकरण अक्षय्यतेचे, म्हणजे एकूण क्षेत्रफळ कायम राखणारे, असल्याने ते ०.४ क्षेत्रफळ नाहीसे होऊ शकत नाही, आणि शॉक जेवढी उजवीकडे सरकते त्याच्या दुप्पट क्षेत्रफळ वाढते, कारण दोन्ही बाजूंच्या मूल्यांत २ चा फरक आहे; म्हणून सरकणे ०.४ भागिले २, म्हणजे ०.२. स्थैर्य याचा अर्थ येथे एवढाच की उत्तर शॉकच्या सरकवलेल्या प्रतींपैकी एकीकडे जाते. ती कोणती, हे आरंभीच ठरलेले असते. इलिन आणि ओलेनिक या गणितज्ञांनी १९६० मध्ये अशा एकल समीकरणांसाठी हे सिद्ध केले.

योग्य प्रत वजा केली की उरलेल्या विक्षोभाचे (शॉकपासूनच्या फरकाचे) एकूण क्षेत्रफळ शून्य होते, म्हणून त्याचे डावीकडून केलेले संकलन दोन्ही टोकांना शून्याकडे जाते. या संकलनाच्या वर्गाची ‘ऊर्जा’ काढली, तर श्यानतेचे पद ऋण असतेच, आणि शॉक डावीकडून उजवीकडे उतरती असल्याने उताराचे पदही ऋण येते. मूळ विक्षोभावर हाच हिशेब करून पाहा: उताराच्या पदाचे चिन्ह उलटते आणि सिद्धता तिथेच अडते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. हे स्थिरावणे किती वेगाने होते?

दुसरे उत्तर:
ते विक्षोभाच्या शेपटीवर, म्हणजे शॉकपासून दूर पसरलेल्या भागावर, अवलंबून आहे. दूरचा विक्षोभ शॉकपर्यंत साधारण १ या वेगाने पोहोचतो. त्यामुळे शेपटी अंतराच्या एखाद्या घाताप्रमाणे घटत असेल, तर काळानुसार होणारी घटही तशीच मंद राहते. शेपटी पुरेशी आखूड असेल, तर संकलनाला योग्य भारफलाने (जागेनुसार बदलणाऱ्या गुणकाने) गुणल्यावर, विक्षोभ लहान मानून मिळणारे रेषीय समीकरण चक्क उष्णतेचे समीकरण अधिक एक स्थिर ऱ्हासपद असे होते, आणि ऱ्हासाचा दर १ भागिले श्यानतेची चौपट एवढा घातांकी येतो. वायुगतिकीसारख्या समीकरणसंचांत मात्र क्षेत्रफळाचा काही भाग इतर दिशांच्या विसरण तरंगांतून (पसरत विरळ होणाऱ्या लाटांतून) वाहून जातो, म्हणून तिथे हा साधा भागाकार पुरत नाही.

‘तिथेच थांबली’ हेही जपून म्हणावे. आपल्या संगणकीय पट्ट्याची (ज्या मर्यादित भागात हिशेब होतो त्याची) टोके +१ आणि −१ वर बांधलेली असतील, तर शॉक खरोखर मध्याकडे सरकत असते, फक्त तो वेग टोकापर्यंतचे अंतर भागिले श्यानता यानुसार घातांकी रीतीने घटतो. अंतर १ आणि श्यानता ०.०५ असताना तो अब्जांशाच्या पातळीवर असतो. पट्टा आखूड करून किंवा श्यानता वाढवून पाहिल्यास हे सरकणे दिसू लागेल.