यू-टर्नला दोनदा गाडी पाडली. कोर्स पुन्हा करू की नुसता सराव पुरेल?

उशिराची_स्वार

वय ४७. आजवर सायकलच्या पुढे गेले नव्हते. गेल्या शनिवार-रविवारी मोटरसायकल शिकण्याचा दोन दिवसांचा कोर्स केला. बारा जणांत वयाने सगळ्यांत मोठी मीच.

शनिवार झकास गेला. सकाळभर पहिल्या गियरमध्ये गाडी नुसती पुढे-मागे डोलवायची. क्लच हळूहळू सोडत गाडी जिथे 'धरते' ती जागा शोधायची, सापडली की परत दाबायचा. पन्नासेक वेळा तरी केलं असेल. पोरं कंटाळली, मला मात्र मजा आली, आणि दुपारी माझी गाडी एकदाही बंद पडली नाही. त्यामुळे जरा हवेत होते.

रविवारी खाली आले, अक्षरशः. जमिनीवर आखलेल्या चौकटीत यू-टर्न घ्यायचा आणि मग आठ काढायचा. (हा आठ इंग्रजी असतो. आपला असता तर एका वळणात सुटले असते.) दोन्ही वेळा यू-टर्नलाच तीच गत झाली: गाडी चालण्याच्या वेगात, हँडल जवळजवळ पूर्ण वळवलेलं, समोर रेघ आली आणि मी आडवी. बूट, हातमोजे, जाड जॅकेट होतं म्हणून मला काही झालं नाही, इंडिकेटर तुटला. शिक्षक म्हणाले, "जमेल हो, सराव करा," आणि पुढच्याकडे वळले. बाकी गियर बदलणं, अचानक थांबणं वगैरे ठीक होतं. काठावर पास झाले.

आता पैसे भरून तो दुसरा दिवस परत करू, की मोकळ्या मैदानात स्वतः घासू? आणि मुळात मी पडते का? "वेग कमी होता म्हणून" हे उत्तर मिळालंय. वेग सगळ्यांचाच कमी होता.

धाकटं_चाक

ताई, कोर्सबिर्स सोडा. मला थोरल्या भावाने एका दुपारी शिकवलं. बारा वर्षं झाली, अजून खरचटलंसुद्धा नाही. रस्त्यावर उतरा, आपोआप येतं.

तेलकट_हात

एक विचारतो: पडलात तेव्हा उजव्या हाताची बोटं कुठे होती? माझी पैज आहे, पुढच्या ब्रेकवर.

सरळ चालताना पुढचा ब्रेक हाच खरा ब्रेक. गाडी थांबू लागली की वजन पुढच्या चाकावर येतं, ते जमिनीला जास्त चिकटतं, आणि मागचं हलकं होतं. म्हणून सरळ रेषेत पुढचा ब्रेक न घाबरता, पण पिळल्यासारखा हळूहळू दाबत न्यायचा. तुम्हाला ते जमलंय आणि तिथेच घात झालाय. हँडल वळलेलं असताना, त्यातून इतक्या कमी वेगात, तोच ब्रेक किंचित जरी लागला तरी गाडी जागच्या जागी अडते आणि हँडल ज्या बाजूला वळलंय त्या बाजूला कोसळते. एवढं वजन पायाने सावरत नाही. सावरायला जाऊही नका, घोटा जातो.

त्यामुळे यू-टर्नमध्ये पुढचा ब्रेक नाहीच. बोटं उचलून मुठीवर घ्या. ॲक्सिलरेटर किंचित वर, एका जागी स्थिर. वेग हाफ क्लचने सांभाळायचा आणि मागचा ब्रेक उजव्या पायाने अगदी हलका लावून ठेवायचा. इंजिन पुढे ओढतं, ब्रेक मागे धरतो, गाडी ताणलेल्या दोरीसारखी स्थिर होते. गाडी आत झुकू द्या, तुम्ही जरा बाहेरच्या बाजूला बसा.

दुसरी गोष्ट नजर. तुम्ही लिहिलंय "समोर रेघ आली". रेघ दिसली म्हणजे तुम्ही रेघेकडे बघत होता! जिथे बघाल तिथेच गाडी जाते. हनुवटी खांद्यावर आणा आणि जिथून बाहेर पडायचं ती जागा बघा. चाकाकडे बघायचं नाही, ते कुठे पळून जात नाही.

उशिराची_स्वार

अहो, बोटं ब्रेकवरच होती. चारही! आत्ता खुर्चीत बसून हात तसे धरून बघितले तरी बोटं आपोआप लिव्हर शोधतात.

चौथा_गियर

@धाकटं_चाक, भावाने शिकवलं ते छानच, पण भावाला कुणी शिकवलं? अमेरिकेत १९८१ साली हॅरी हर्ट यांच्या गटाचा अहवाल आला. लॉस एंजेलिस भागातले ९०० मोटरसायकल अपघात त्यांनी जागेवर जाऊन तपासले होते. त्यातले ९२ टक्के चालक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले. आता कोर्स केला की अपघात टळतो, असं यावरून सिद्ध होत नाही, तेव्हा कोर्स केलेलेच मुळात थोडे असतील. पण पुढचा ब्रेक कधी लावायचा नाही, हे भाऊ सहसा सांगत नाही. बरेच भाऊ तर "पुढच्याला हातच लावू नकोस" असं शिकवतात, आणि मग सरळ रस्त्यावर गाडी थांबत नाही. ६० च्या वेगात सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जातात, म्हणजे ब्रेककडे हात जाईपर्यंतच तेवढं अंतर संपलं.

ताई, माझं मत: आधी मैदान, मग कोर्स. टेनिसचे जुने चेंडू अर्धे कापून खुणेला ठेवा, चाक वर गेलं तरी काही होत नाही. वळण आधी ऐसपैस, मग लहान. वीस मिनिटांवर करू नका, क्लचचा हात दमला की चुका सुरू होतात. बरोबर कुणीतरी असू द्या.

धाकटं_चाक

भावाला काकाने शिकवलं 🙂 आणि हो, पुढच्या ब्रेकला हात लावू नको हेच सांगितलं होतं. बघतो.

उशिराची_स्वार

दहा दिवसांनी लिहितेय. तीन सकाळी मैदानात गेले, बहीण बरोबर. पहिल्या दिवशी ती नुसती "बोटं!" म्हणून ओरडत होती. तिसऱ्या दिवशी डावीकडचा यू-टर्न त्या चौकटीएवढ्या जागेत सहा वेळा झाला, पाय न टेकता. उजवीकडचा अजून पसरट होतो. उजवीकडे हँडल वळलं की ॲक्सिलरेटरचा हात पोटाशी येतो आणि मूठ नकळत पिळली जाते, असं वाटतंय. @तेलकट_हात, यावर काही? कोर्सचा दुसरा दिवस येत्या रविवारी परत करतेय. आठ बाकी आहे.

तेलकट_हात

कोपर बाहेर काढा, मनगट खाली ठेवा, आणि मूठ वळण सुरू व्हायच्या आधीच स्थिर करा. रविवारी बोटं मुठीवर!