कर्ज डोक्यावरून गेलं तेव्हा पहिल्यांदा कोणाजवळ बोललात? (अनुभव धागा)

मी सेवा सहकारी सोसायटीत गटसचिव होतो, यवतमाळ जिल्ह्यात. मार्च आला की कर्जाचं नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं भरून लगेच नवं उचलायला, रांग लागायची. रांगेतल्या माणसाचं सोसायटीचं देणं माझ्या रजिस्टरात असायचं. बाकीचं कुठे लिहिलेलंच नसायचं: कृषी केंद्राची उधारी, बायकोच्या गटाचे हप्ते, गावातल्या माणसाचे शेकड्यानं घेतलेले. 2008, 2017 आणि 2019 च्या कर्जमाफ्यांवर आपण पुष्कळ भांडलो, पण ह्या बाहेरच्या देण्याचा बहुतेक भाग त्यात कधी बसलाच नाही. म्हणून इथे माफीचं राजकारण नको. कोणाकडे गेलात, कोणता कागद नेला, काय झालं, एवढं लिहा. नावं टाळा, स्वतःचीही.

राळेगावकडून, बचत गटातली

आमच्या घरात एका वेळी तीन कंपन्यांचे गटकर्ज चालू होते. एकीचा हप्ता भरायला दुसरीकडून उचलायचं. सोयाबीन गेलं त्या वर्षी हप्ता थांबला. मग वसुलीवाला पोरगा संध्याकाळी ओसरीत येऊन बसे आणि पैसे दिल्याशिवाय उठणार नाही म्हणे. गटातल्या बाकीच्या बायकाही माझ्यावरच चिडलेल्या, कारण माझा हप्ता त्यांना भरावा लागे. खरं सांगते, त्याच्यापेक्षा त्यांचं बोलणं जास्त लागायचं.

उमेद म्हणजे सरकारचं बचत गटांचं अभियान; त्यातल्या आमच्या सीआरपी ताईंनी (गावातल्या गटांना मदत करणाऱ्या) सगळे कर्जकार्ड मांडून बसवलं. रिझर्व्ह बँकेचे 2022 चे नियम त्यांच्याजवळ छापील होते. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर वसुलीसाठी संपर्क करायचा नाही. ठरलेल्या जागीच वसुली करायची, लागोपाठ दोनदा तिथे गेलं नाही तरच घरी यायचं. आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्यावर जायला नकोत. आमचे तर कमाईपेक्षाच जास्त होते. हे पाहूनच कर्ज द्यायचं असतं, हे मला तेव्हा कळलं. ताईंनी तिन्ही शाखांना अर्ज लिहून दिला, पोच घ्यायला लावली. दोघींनी मुदत वाढवून हप्ता कमी केला. तिसरीनं उत्तरच दिलं नाही. तीस दिवस थांबून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकली, तेव्हा त्या कंपनीचा मॅनेजर स्वतः घरी आला, दुपारी.

(पोच घेतली हे सगळ्यात मोलाचं. तोंडी विनंतीला बँकेत काहीच किंमत नसते, मी त्याच बाजूला बसलेला माणूस आहे. — धागाकर्ता)

दर्यापूरचा, वय साठच्या वर

लिहिता येत नाही, नातू टाइप करून रायला. पोरीच्या लग्नाच्या टायमाले म्या गावातल्या एकाजवळून पैसे घेतले. शेकडा पाच रुपये महिना. त्यानं नोट नाही लिहून घेतली, सरळ दोन एकराची खरेदीच करून घेतली. म्हने, पैसे देजो अन् वावर वापस घेजो. वाहत मीच होतो. व्याज देता देता मुद्दलाएवढं देऊन झालं, तरी वावर काही नावावर येईना. पुढं तो म्हनला, आता भाव वाढला, आजच्या भावानं घे.

माह्या साडभावानं सांगतलं का हे सावकारीत येते. तालुक्याले सहायक निबंधकाचं हापिस असते, सहकार खात्याचं, तिथं अर्ज देला. 2014 चा सावकारी कायदा हाय म्हने. लायसनवाला सावकारसुद्धा शेतकऱ्याले तारण घेऊन वर्षाले 9 टक्के अन् बिनतारणी 12 टक्क्यांच्या वर व्याज लावू शकत नाही. अन् ह्याच्याजवळ तर लायसनच नव्हतं! चौकशीत मले इचारलं, पुरावा काय? म्या खताचे बिलं देले, कापूस इकल्याच्या पावत्या देल्या, धुऱ्यावरच्या शेजाऱ्यायचे जबाब झाले का वावर मीच वाहतो. खरेदीत लिहिलेली किंमत सरकारी भावाच्या निम्मीबी नव्हती, तेबी साहेबानं पाह्यलं. सुनावन्या लय लांबल्या. जिल्हा निबंधकानं खरेदी रद्दचा आदेश काढला. त्यानं वर अपील केलं हाय. वावर अजून मीच वाहून रायलो.

मेहकर तालुका

माझं थोडक्यात. लोकअदालतीची नोटीस आली आणि आईनं दोन दिवस जेवण सोडलं, जप्ती येते म्हणून. ती जप्तीची नोटीस नसतेच, तडजोडीला बोलावणं असतं. गेलो, बँकेनं बरंचसं व्याज सोडलं, उरलेलं हप्त्यात भरलं. एकच सांगतो: तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नाही, कोर्टाच्या हुकुमासारखा तो लागू होतो. झेपेल तोच आकडा कबूल करा.

(आणि सही करण्याआधी विचारा: पुढच्या खरिपात पीककर्ज देणार का? तडजोड केलेलं खातं सिबिलमध्ये तसंच दिसतं, मग नव्या कर्जाला नकार येतो आणि माणूस परत सावकाराच्या दारात. पैसे भरून झाले की नील दाखला (देणं बाकी नसल्याचा) घ्या, आणि तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्यावरचा बोजा उतरवा. हे काम बँक आपणहून करेल या भरवशावर राहू नका.)

घाटंजी

मालक गेले त्याला आता बराच काळ झाला. तेरवीच्या दिवशी चार माणसं मांडवात आली, म्हणे त्यांनी आमचे एवढे घेतले होते. कोणाजवळ कागद, कोणाजवळ नुसतं तोंड. दिरांनी म्हटलं, वहिनी, आज कोणालाच हो म्हणू नका, कशावर अंगठा-सही नको. तेवढ्यानं वाचले.

तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते. बाईमाणसाला वकील फुकट मिळतो, कमाईची अट नाही. वकीलबाईंनी समजावलं की नवऱ्याचं कर्ज त्यानं मागं ठेवलेल्या मालमत्तेपुरतंच वारसांना लागतं. माझी मजुरी आणि माहेरचं सोनं त्यात येत नाही. मी जामीन म्हणून सही केलेली असती तर गोष्ट वेगळी. पासबुक दाखवलं तेव्हा वर्षाला 436 रुपये कटल्याची नोंद त्यांनीच पाहिली. तो जीवनज्योती विमा होता, दोन लाखांचा. मला माहीतच नव्हता. घरात कोणाचं असं झालं असेल तर आधी पासबुक उघडून पाहा.

वर्धा, कॉलेजात आहे

मोबाइल ॲपवरून कर्ज घेतलं होतं. हप्ता चुकला तर माझे फोटो बिघडवून नातेवाइकांना पाठवले. 1930 वर फोन केला, पोलिसात सायबर तक्रार केली, आणि स्वतःच सगळ्यांना मेसेज टाकला की असे फोटो येतील. त्यानंतर त्यांच्या हातात काही उरलं नाही.

नाव-गाव नको

फवारणीचा डबा घेऊन वावरात बसलो होतो. बायकोला संशय आला, तिनं आशाताईला सांगितलं, तिनं 14416, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, लावून फोन माझ्या हातात दिला. मराठीत बोलणारी बाई होती. कर्जाचं तिनं विचारलंच नाही आधी, जेवलास का विचारलं. नंतर ग्रामीण रुग्णालयात गोळ्या सुरू झाल्या. देणं तेवढंच आहे, पण आता हिशोब करायला बसता येतं. कोणाला असं वाटत असेल तर 14416 चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत.

दारव्ह्यावरून प्रश्न

दर्यापूरच्या काकांसारखंच माझ्या वडिलांचं आहे, पण खरेदीची नक्कल आमच्याजवळ नाही. सावकार देत नाही. अर्ज होईल का?

(होईल. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात फी भरून दस्ताची नक्कल आणि इंडेक्स टू (नोंदणीचा गोषवारा) मिळतो, सावकाराला विचारावं लागत नाही. साल आठवत नसेल तर तलाठ्याकडून फेरफाराचा उतारा काढा, त्यात दस्त क्रमांक आणि तारीख असते. वडिलांना सोबत न्या, अर्ज त्यांच्या सहीचा लागेल.)